संदेश तुटला तर: फेलसेफच्या कल्पनेचा प्रवास, रेल्वेच्या ब्रेकपासून दिल्लीच्या आकाशापर्यंत

२९ जानेवारी २०२२ च्या सायंकाळी ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात विजय चौकाच्या आकाशात एक हजार ड्रोन एकाच वेळी झेपावले. आयआयटी दिल्लीत रुजलेल्या ‘बॉटलॅब डायनॅमिक्स’ या नवउद्योगाने घडवलेले हे सुमारे दहा मिनिटांचे दृश्य देशभर गाजले. चीन, रशिया आणि ब्रिटन यांच्यानंतर असा प्रयोग करणारा भारत चौथा देश ठरला, याची नोंदही सर्वत्र झाली. स्थळाची नोंद मात्र फारशी कोणी घेतली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१८ च्या नियमावलीत विजय चौकापासून ५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ड्रोन उडवण्यास मनाई होती. जिथे एकही नको असे ठरले होते, त्याच वर्तुळाच्या केंद्रबिंदूवर हजार यंत्रे उडाली. अशा परवानगीमागे एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा असतो: जमिनीवरून येणारा संदेश तुटला, तर यंत्र काय करील?

या प्रश्नाच्या उत्तराला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘फेलसेफ’ म्हणतात. कल्पना रेडिओहून जुनी आहे आणि तिचे सर्वांत स्वच्छ रूप रेल्वेत सापडते. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या पहिल्या हवाई ब्रेकमध्ये नळीतून दाबाची हवा सोडली की ब्रेक लागत; नळी फुटली की ब्रेकच नाहीसे होत. १८७२ च्या सुमारास त्याने ही रचना उलटी केली. आता नळीतला दाब ब्रेकला मोकळे ठेवण्याचे काम करू लागला, आणि दाब गेला की ब्रेक आपोआप लागू लागले. भारतीय गाड्यांत अनेक दशके वापरलेला व्हॅक्युम ब्रेक याच तत्त्वावर चालत असे. साखळी ओढणारा प्रवासी खरे तर ब्रेक लावत नसे. तो नळीत बाहेरची हवा शिरू देत असे, बाकीचे काम यंत्रणेची ‘अनुपस्थिती’ करीत असे. गाडीचे दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकडे थांबत. संदेशाचा अभाव हाच एक संदेश, ही त्यातली खरी प्रतिभा.

रेडिओच्या जनकांना ही चिंता नव्हती. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. तीन वर्षांनी निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये छोटी बोट बिनतारी चालवून दाखवली. लहर पोहोचली नसती तर घंटा वाजली नसती, बोट पाण्यावर तरंगत राहिली असती. विमानाची गोष्ट वेगळी आहे. आगगाडीला ‘थांबणे’ ही सुरक्षित अवस्था उपलब्ध असते. पंखांच्या विमानाला हवेत अशी एकही अवस्था नाही. म्हणून विमानाचा फेलसेफ म्हणजे सुरक्षिततेकडे परतणे नव्हे, तर दोन हानींपैकी लहान हानीची आधीच केलेली निवड. हौशी मॉडेल विमानांच्या जगात हे सत्य सर्वांत उघडेवाघडे दिसते, आणि त्यातही मॉडेल जेटमध्ये.

जुन्या मॉडेल रेडिओंचे तंत्र साधे होते. प्रत्येक सर्व्होसाठी सुमारे एक ते दोन मिलिसेकंद रुंदीचा एक स्पंद, सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा. ब्रिटनमध्ये विमानांसाठी ३५ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ. रिसिव्हरला स्पंद खरा की खोटा हे कळण्याचा मार्ग नव्हता. शेजाऱ्याने त्याच वाहिनीवर ट्रान्समीटर सुरू केला की विमान झटके देऊ लागे. त्यावर उपाय होता तो मैदानावरच्या फळीला लावलेल्या चिमट्यांचा! ज्याच्या हाती आपल्या वाहिनीचा चिमटा, त्यानेच ट्रान्समीटर सुरू करायचा. पुढे संदेश अंकांत बांधला जाऊ लागला आणि प्रत्येक संदेशासोबत त्याच्या खरेपणाची बेरीजही जाऊ लागली. रिसिव्हर प्रथमच ‘हा संदेश बिघडलेला आहे’ असे ठरवू शकला. मग प्रश्न आला: बिघडलेला संदेश टाकून दिल्यावर सर्व्होने करायचे काय? दोन उत्तरे निघाली. शेवटचा चांगला आदेश धरून ठेवणे, म्हणजे ‘होल्ड’; किंवा आधी शिकवलेल्या स्थितीत जाणे, म्हणजे ‘फेलसेफ’. व्यवहारात क्षणभर पहिले आणि मग दुसरे, अशी जोडी रूढ झाली.

यानंतर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आला. वारंवारता सतत बदलून संदेश पाठवण्याची कल्पना हेडी लामार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांच्या १९४२ च्या पेटंटात आहे. त्यांना पाणतीर सुरक्षितपणे वळवायचे होते. भारतात या पट्ट्याचा इतिहास थेट दिल्लीशी जोडलेला आहे. रेडिओ वारंवारतांचे नियमन करणारी केंद्र सरकारची शाखा दूरसंचार खात्यात, दिल्लीतच आहे; जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्याचा हेतू वायफायसारख्या सेवांचा होता, पण मॉडेल विमानांच्या नव्या रेडिओंनाही तोच मार्ग मोकळा झाला. चिमट्यांच्या फळ्या इतिहासजमा झाल्या.

अडचणींचे रूप मात्र बदलले. ३५ मेगाहर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांबीची; २.४ गिगाहर्ट्झची केवळ साडेबारा सेंटिमीटर. जेटचे कार्बन तंतूचे धड, केरोसीनची टाकी आणि धातूची धूरनळी ही या लहरीच्या वाटेतली खरीखुरी भिंत होते. जुना दुवा बिघडताना झटके देऊन पूर्वसूचना देई. नवा दुवा असतो तोवर निर्दोष असतो, आणि जातो तेव्हा एकदम जातो. म्हणजे तंत्र जितके सुधारले, तितका शेवटच्या क्षणाचा भार फेलसेफवर अधिक पडला.

तो भार किती, हे मोजता येते. १० किलोचे मॉडेल जेट सेकंदाला ७० मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटरने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २४,५०० ज्यूल भरते. एक टनाची मोटार ताशी २५ किलोमीटरने येऊन आदळण्याइतकी ही ऊर्जा आहे, आणि ती एका टोकदार नाकात एकवटलेली असते. शिवाय आत केरोसीन आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे टर्बाइन. रिसिव्हरने एक सेकंद ‘होल्ड’ केले आणि टर्बाइनच्या नियंत्रकाने स्वतःच्या हिशेबाने आणखी एक सेकंद वाट पाहिली, तर विमान १४० मीटर पुढे गेलेले असते, पूर्ण जोरात. म्हणूनच जेटच्या फेलसेफचे प्रमुख काम विमान वाचवणे हे नाही. इंधन तोडणे आणि यंत्राला मैदानाबाहेर जाऊ न देणे, एवढेच ते काम. विमान पडणार आहे, हे ते गृहीत धरते.

येथे एक बारीक सापळा आहे. अनेक टर्बाइनांत थ्रॉटलची स्टिक खाली आणि ट्रिम वर असेल तर इंजिन मंदगतीत चालते; ट्रिमही खाली घेतली तरच ते बंद होते. काही रेडिओंत रिसिव्हर आणि ट्रान्समीटर यांची जोडणी करताना स्टिक जिथे असेल तीच स्थिती फेलसेफ म्हणून साठवली जाते. जोडणीच्या वेळी ट्रिम वर राहिली, की संदेश तुटल्यावरही टर्बाइन पेटलेलेच राहणार. याहून वाईट म्हणजे जोडणीनंतर थ्रॉटलची दिशा उलटवणे. मग साठवलेला ‘बंद’ हा प्रत्यक्षात ‘पूर्ण जोर’ होतो. हा दोष उड्डाणात कधीच दिसत नाही. तो शोधण्याचा एकच मार्ग आहे: विमान जमिनीवर घट्ट धरून ट्रान्समीटर बंद करणे आणि काय होते ते पाहणे.

ही तपासणी कोणी करायची? ऑक्टोबर २०१४ मध्ये महासंचालनालयाने नागरी मानवरहित विमानांवर सरसकट मनाई केली, २०१८ मध्ये नियमावली आणली, आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी दार बरेच उघडले. या नियमांत ‘मॉडेल’ची स्वतंत्र व्याख्या आहे: २५ किलोपर्यंतचे, डोळ्यांच्या टप्प्यात उडणारे, शिक्षण, संशोधन, चाचणी वा करमणुकीसाठीचे यंत्र. अशा यंत्राला प्रकार-प्रमाणपत्राची गरज नाही. छंदाला कागदपत्रांत गाडू नये हा त्यामागचा उदार विचार योग्यच म्हणावा लागेल. पण त्याचा अर्थ असाही होतो की २० किलोच्या टर्बाइन जेटचा फेलसेफ नीट बसवला आहे की नाही, हे तपासणारा अधिकृत डोळा नाही. ब्रिटनमधील मॉडेल उड्डाण संघटनेने फेलसेफने किमान इंजिन मंदगतीवर आणावेच, असा नियम आपल्या सभासदांवर घातलेला आहे. दिल्लीत व्यवस्थेचा भर वेगळ्या ठिकाणी आहे. विमानतळाभोवती लाल आणि पिवळे पट्टे, आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिनापूर्वी पॅराग्लायडरपासून दूरनियंत्रित विमानांपर्यंत सर्वांना बंद करणारे दिल्ली पोलिसांचे आदेश. उडावे कुठे आणि कधी, याचे नियम विपुल आहेत. पडावे कसे, याचे विरळ.

ड्रोनने या प्रश्नाला एक मोहक उत्तर दिले: संदेश तुटला की उपग्रहाच्या साहाय्याने घरी परत या. चार पंख्यांचे यंत्र हवेत थांबू शकते, त्यामुळे आगगाडीसारखी सुरक्षित अवस्था त्याला काही अंशी लाभते. परंतु हे उत्तर एका दुव्याचे अपयश दुसऱ्या दुव्याच्या भरवशावर सोडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात प्रवासी विमानांना खोटे उपग्रह-संकेत मिळाल्याच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबरच्या आरंभी सरकारने संसदेत त्यांना दुजोरा दिला. प्रवासी विमानांपाशी जमिनीवरील यंत्रणांचा आणि वैमानिकाच्या डोळ्यांचा पर्याय होता. घरी परतू पाहणाऱ्या ड्रोनला अशा वेळी ‘घर’ भलत्याच जागी दिसू शकते, आणि तो संपूर्ण आज्ञाधारकपणे तिकडे निघतो.