कुलाब्याच्या आरशांपासून आपल्या गच्चीपर्यंत

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा २५ वर्षांचा इतिहास लिहायला सांगितला होता. पण भूखंड, नोंदणी, पहिली कमिटी, लिफ्ट कधी बदलली हे सगळे सेक्रेटरींच्या निवेदनात सविस्तर आलेच आहे. तेच पुन्हा कशाला? म्हणून मी जरा वेगळा इतिहास निवडला. तोही आपल्या कामाचाच आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय आहेत : गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे का, आणि पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांना चार्जिंगची सोय द्यायची का. मागच्या सभेत यावर दोन तास चर्चा झाली, आवाज चढले, निर्णय काही झाला नाही. एका बाजूने "हे नवीन फॅड आहे, नव्याचे नऊ दिवस" असे म्हटले गेले. दुसऱ्या बाजूने "जग कुठे चाललंय आणि आपण कुठे आहोत" असे.

मला दोन्ही बाजूंना एवढेच सांगायचे आहे की ही गोष्ट नवीन नाही. आपल्या मुंबईतच ती जवळजवळ दीडशे वर्षांची आहे.

उच्च न्यायालयातले डेप्युटी रजिस्ट्रार

विल्यम अॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार होते. म्हणजे तेही आपल्यासारखे कागदपत्रांतले माणूस. सरपण महाग आणि दगडी कोळसा बाहेरून आणावा लागतो, मग वर्षातले बहुतेक दिवस तळपणारे ऊन फुकट का घालवायचे, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी आठ बाजूंची, आतून आरसे लावलेली लाकडी पेटी तयार केली, मधल्या भांड्यावर काचेचे आवरण घातले. जानेवारी महिन्यातल्या उन्हात सात शिपायांचे मांस आणि भाजी त्यात दोन तासांत शिजली. पुढे त्यांनी मिडल कुलाब्यात आपल्या आवारात छोटे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचा प्रकाश एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. लोक बघायला येत. १८७८ साली त्यांनी यावर पुस्तकही लिहिले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो या फ्रेंच शिक्षकाने उन्हावर चालणारे यंत्र दाखवून त्यातून बर्फ तयार केला होता.

मग ते पुढे का गेले नाही? यंत्र चालत होते, यात शंका नाही. पण सूर्य सरकेल तसे आरसे सरकवायला एक माणूस सतत उभा लागे. शिवाय सुवेझ कालवा झालेला होता, आगगाडी गावोगाव पोचत होती आणि कोळसा सोयीचा होत चालला होता. फुकटच्या उन्हापेक्षा विकतचा कोळसा परवडला, कारण कोळशाला वेळ सांभाळावी लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

शेणाचा गॅस आणि देहूचे डॉक्टर

दुसरी सुरुवातही मुंबईचीच. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून तो दिवाबत्तीला वापरला गेला. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी लोखंडी तरंगत्या टाकीचा गोबर गॅस संयंत्राचा नमुना तयार केला आणि १९६० नंतर खादी आयोगाने तो देशभर नेला. आपल्या कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि खत यांचा विचार याच दिशेने लोकांना शिकवला.

१९८०-८५ च्या काळात मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. गोबर गॅसला कर्ज आणि वर सरकारी अनुदान, अशी योजना जोरात होती. उद्दिष्टे ठरलेली असत आणि मार्चअखेरपर्यंत ती पूर्णही होत. मी मोटारसायकलवरून तपासणीला जायचो. जिथे गोठ्यात चार-पाच जनावरे होती आणि घरातली बाई रोज सकाळी शेण-पाणी कालवून घालत होती, तिथे निळी ज्योत मस्त पेटायची, धुराने डोळे चोळणे संपले होते. जिथे जनावरे विकली गेली किंवा टाकीला दरवर्षी रंग न दिल्याने ती गंजली, तिथे खड्ड्यात नुसते पाणी साचलेले. गावात गवंडी होता तर दुरुस्ती झाली, नव्हता तर नाही. फाइलमध्ये मात्र दोन्ही संयंत्रे 'पूर्ण' म्हणूनच होती.

याउलट उदाहरण देहूचे. डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. सुरुवातीला बांधलेले संडास पावसाळ्यात ढासळले आणि लोकांचा विश्वास उडाला. दुसरा कोणी बदली मागून निघून गेला असता. ते तिथेच राहिले, स्वतः बांधकाम शिकले, अप्पासाहेबांच्या कामातून धडे घेतले आणि संडासाला जोडलेली गॅस संयंत्रे गावात चालवून दाखवली. भाषणापेक्षा शेजाऱ्याच्या घरची शेगडी बघून लोक तयार झाले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने खरकट्या आणि पिठूळ पदार्थांवर चालणारे, शहरी घरातही मावेल असे छोटे गॅस संयंत्र तयार केले. त्याला २००६ साली लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. आपला ओला कचरा रोज गाडी नेते, तेव्हा मला ते हटकून आठवते.

कोळशाची मोटार, विजेची बस

गाड्यांच्या बाबतीतही तेच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले, तेव्हा मोटारींच्या मागे लोखंडी भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर त्या चालवल्या जात. माझे वडील सांगायचे, की चढ आला की प्रवाशांनी खाली उतरून ढकलायचे! युद्ध संपले, पेट्रोल आले, भट्ट्या भंगारात गेल्या.

विजेवरच्या वाहनाचे तर मुंबईकराला नवल वाटायलाच नको. १९०७ पासून विजेची ट्राम होती, १९६४ पर्यंत ती धावली. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी सुटली. १९६२ ते १९७१ बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबसही चालवली. तारांच्या खालून धावणारी वीज आपल्याला शंभर वर्षांपासून परिचित आहे. खरी अडचण होती ती वीज सोबत घेऊन जाण्याची, म्हणजे बॅटरीची. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा मोटार आली, ती छोटी होती, पल्ला कमी होता, लोक हसले. आज आपल्याच पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटर आणि मोटारी उभ्या आहेत.

तेलाचा धक्का आणि पेटीतला वरण-भात

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ च्या घरात गेला. रॉकेलच्या रांगा आठवणारे आपल्यात बरेच जण आहेत. १९७८ साली पीसीआरए ही संस्था निघाली. सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, प्रेशर कुकर वापरा, हे तिने आपल्याला शिकवले. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे वेगळे खाते झाले, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले.

त्याच काळात घरोघरी सौर कुकरच्या पेट्या आल्या. बाहेरून काळे रंगवलेले चार डबे, वर काच, झाकणाला आरसा. वरण, भात, बटाटे दोन-तीन तासांत उत्तम शिजत, शेंगदाणे छान भाजले जात. पण पोळी होत नसे, फोडणी होत नसे, आणि सव्वाआठची लोकल पकडणारी बाई अकराच्या उन्हासाठी थांबणार कशी? शिकवणाऱ्यांनी पेटी शिकवली, स्वयंपाकघराचे वेळापत्रक विचारलेच नाही. बहुतेक पेट्या माळ्यावर गेल्या. उलट शिर्डीला बघा. २००९ साली प्रसादालयावर ७३ मोठे परावर्तक बसवून वाफेवर हजारो लोकांचे जेवण होऊ लागले. तिथे सांभाळायला माणसे नेमलेली होती आणि स्वयंपाक दिवसाच व्हायचा होता. ऊन तेच, विज्ञान तेच, व्यवस्था वेगळी.

आता आपली गच्ची

उन्हातून थेट वीज करणारा सिलिकॉनचा घट १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत झाला. तो आधी उपग्रहांवर गेला, गच्चीवर यायला पन्नास वर्षे लागली. आपल्याकडे २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांनी नेट मीटरिंग आले. म्हणजे काय, तर दिवसा जास्त झालेली वीज जाळ्यात जाते आणि आपल्या बिलातून वळती होते. आरसे सरकवत उभ्या राहणाऱ्या माणसाची गरज इथे संपली आणि कोळशाची जी सोय होती ती उन्हाला मिळाली. अॅडम्ससाहेबांची अडचण सुटायला १३७ वर्षे लागली, असे म्हणायला हरकत नाही.

आता बँकेतल्या जुन्या सवयीने थोडा हिशेब. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी १० किलोवॉट बसवले, तर १,००० चौरस फूट आणि महिन्याला सुमारे १,२०० युनिट. फेब्रुवारी २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे १० किलोवॉटला १,८०,००० रुपये. चार्जिंगही त्याच सामाईक वापरात धरले आहे. विजेच्या गाडीला चार्जिंग देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

पण दोन गोष्टी सभासदांना आधी सांगायला हव्यात, नाहीतर नंतर कमिटीच्या नावाने खडे फोडले जातील. एक, बॅटरी नसलेली साधी यंत्रणा लाइट गेली की बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी योजनाच असते. तेव्हा जनरेटर विकायला काढू नका. दोन, पॅनेल वीस-पंचवीस वर्षे राहतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी करून घेतले नाही, तर गळती शोधायला सगळे उतरवावे लागेल. सर्वात वरच्या मजल्यावरच्या सभासदांची भीती खोटी नाही.

पेन्शनवर जगणाऱ्या सभासदांचाही विचार व्हावा. ज्याच्याकडे विजेची गाडी नाही, त्याने दुसऱ्याच्या चार्जिंगचा भार का उचलायचा? उत्तर सोपे आहे : प्रत्येक चार्जिंग पॉइंटला वेगळा सबमीटर, योग्य जाडीची वायर, अर्थिंग, आणि बिल ज्याचे त्याला. पार्किंगमधून एक्स्टेंशन बोर्ड ओढून चार्जिंग करणे मात्र आजपासून बंद झाले पाहिजे. तिथे खरा धोका आहे.

माझी सभेला विनंती एवढीच, की ठराव 'पॅनेल बसवावेत' असा एका ओळीचा नसावा. त्यात चार बाबी असाव्यात : गच्चीची दुरुस्ती आधी, किमान तीन कोटेशने, पाच वर्षांचा देखभाल करार, आणि पॅनेल धुणे व दरमहा युनिटांची नोंद ठेवणे यासाठी नावानिशी जबाबदार व्यक्ती. ती नोंद नोटीस बोर्डावर लागावी. आपल्या इमारतीतल्या आठवी-नववीच्या मुलांकडे ही वही दिली तर फारच छान. घरातल्या मोठ्यांना तीच मुले समजावून सांगतील, आणि आकडा चुकला तर विचारतीलही.

दीडशे वर्षांत ऊन कधी कमी पडले नाही. कमी पडला तो सांभाळणारा माणूस. २५ वर्षे पाण्याची टाकी, लिफ्ट आणि एकमेकांचे स्वभाव सांभाळलेल्या आपल्या सोसायटीला एवढे जमायला हरकत नाही. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सभेला वेळेवर या, कोरम पूर्ण होऊ द्या!