कांदारोप, आडोशाचे

छपराखाली, पडवीत किंवा शेडनेटमध्ये बियापासून वाढवलेले, लागवडीआधीचे कांद्याचे रोप. थंड देशांत गारठ्यापासून वाचवण्यासाठी ते घरात, खिडकीशी वाढवतात. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर भागात अडचण नेमकी उलटी आहे. खरिपासाठी मे-जूनमध्ये रोप टाकले की आधी चाळिशीपार गेलेले ऊन आणि मग मृगाचा झोडपा, अशा दोन माऱ्यांत ते सापडते. कांद्याचे बी 20 ते 25 अंशांत उत्तम उगवते, पस्तिशीपुढे उगवण घटत जाते. तेव्हा इथल्या रोपाला डोक्यावर सावली हवी, भिंती नकोत. आडोशातल्या रोपाच्या बहुतेक तक्रारी रोगाच्या वाटतात, पण त्यांचे मूळ कोंडलेली हवा, अपुरा उजेड आणि जास्तीचे पाणी यांत असते.

उगवताना दोऱ्याच्या फासासारखी वाकलेली हिरवी काडी मातीबाहेर येते. ती ताठ झाली की बियाचे काळे टरफल टोकावर टोपीसारखे अडकून राहते. इथवर बंद खोलीतले रोपही झकास दिसते. पुढे मात्र ते उजेडाच्या बाजूला झुकते, लांबते, फिकट होऊन लोळते. त्याला युरिया दिला तर ते आणखी लुसलुशीत होते. नुसत्या कोकोपीटमधले रोप मात्र खरेच उपाशी असते, त्याला गांडूळखत द्यावेच. मर रोगाची खूण वेगळी: मातीलगतचा भाग पाणचट होऊन बारीक पडतो आणि रोपे चकंदळ्यांनी कोलमडतात, बहुधा पाणी साचते त्या कोपऱ्यापासून. किलोभर बियाला 2-3 ग्रॅम थायरम चोळले की पुरे, असे म्हटले जाते. बीजप्रक्रिया टाळू नयेच. पण तिचे संरक्षण सुरुवातीपुरते असते, आणि माती सतत चिंब राहिली तर पिथियमसारख्या बुरशीला रान मोकळेच. म्हणून दाट बी फेकू नये, ओळीत पेरावे, आणि वरची माती सुकू लागल्यावरच सकाळी झारीने पाणी द्यावे.

एवढा खटाटोप शेतकऱ्याला परवडेल का, हा आक्षेप रास्त आहे. 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावायचे तर हेक्टरी साडेसहा लाखांवर रोपे लागतात. ती पडवीतल्या ट्रेमध्ये होणार नाहीत. ट्रे परसबागेसाठी आणि नांगे भरण्यासाठी ठीक. पिकासाठी 10-15 सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद गादीवाफ्यांची पाच गुंठे रोपवाटिका हवी. आडोसा तिच्यावर धरावा, तोही खरिपापुरता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलेल्या रब्बी, म्हणजे उन्हाळी कांद्याच्या रोपाला उघडे आभाळच मानवते. उगवणच विरळ असेल तर दोष आडोशाचा नसून बियाचा असू शकतो: कांद्याचे बी साधारण वर्षभरच टिकते, म्हणून आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती मोड येतात ते मोजावे. खरिपात 6-7, रब्बीत 7-8 आठवड्यांचे रोप लावावे. रब्बीत जून, जाड झालेले रोप लावले तर थंडीत डेंगळे येतात.