दिनविशेष : १७ जुलै

मृणाल गोरे यांचा स्मृतिदिन (२०१२)

वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून समाजवादी चळवळीत उतरलेल्या मृणालताईंना मुंबई ओळखते ती ‘पाणीवाली बाई’ म्हणून. महागाईविरोधातला त्यांचा लाटणे मोर्चाही गाजला. त्या मानाने घरांचं काम मागे पडलं, ते खरं तर अधिक चिवट.

१९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने अतिरिक्त ठरलेली जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी, यासाठी त्यांनी बाबूराव सामंतांसह नागरी निवारा परिषद उभारली आणि वर्षानुवर्षं सरकारदरबारी, न्यायालयात झुंज दिली.

या लढ्यातून गोरेगावच्या दिंडोशीत सुमारे ६ हजार कुटुंबांना परवडणारी घरं मिळाली.

२००७ मध्ये महाराष्ट्राने जमीन धारणेचा हा कायदाच रद्द केला.