सोहोतल्या खानावळी

आधी पोटोबा, मग विठोबा, असे आपण म्हणतो खरे. पण इतिहासाच्या पुस्तकात पोटोबाला शेवटच्या पंगतीतही पान मिळत नाही. वीस-बावीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवीत आलो आहे. इटलीचे एकीकरण हा त्यातला माझा आवडता धडा. मॅझिनीची तळमळ, गॅरिबाल्डीची तलवार, काव्हूरची मुत्सद्देगिरी, असा फळा भरून जातो आणि घंटा होते. पण देश एक झाल्यावरही त्या देशाची माणसे पोटासाठी परमुलखात का जात राहिली आणि तिथे त्यांनी काय विकले, याची एक ओळही धड्यात नाही. ती ओळ शोधायची तर लंडनच्या सोहो नावाच्या पेठेत जावे लागते आणि जेवायला बसावे लागते.

सोहोच्याही आधी क्लार्कनवेल. एकोणिसाव्या शतकात इटालियन माणूस लंडनला उतरला की या वस्तीतल्या गल्ल्यांत पथारी टाकी. कोणी प्लास्टरच्या मूर्ती विके, कोणी हातपेटी फिरवून दारोदार वाजवी. पेट्या वाजवणारी बहुधा दहा-बारा वर्षांची पोरे असत. मुकादम त्यांना आईबापांकडून करारावर आणी, दिवसभर रस्त्यावर उभे करी आणि संध्याकाळी गल्ला मोजून घेई. कमाई कमी पडली तर मार. त्या वेळी मॅझिनी लंडनमध्ये परागंदा होऊन राहत होता. १८४१ साली त्याने याच पोरांसाठी हॅटन गार्डनमध्ये रात्रीची मोफत शाळा काढली. राष्ट्र घडवायला निघालेला हा पुरुष संध्याकाळी मुलांच्या अक्षरओळखीची काळजी वाहत होता, हे वाचल्यापासून मॅझिनीचा धडा शिकवताना माझा आवाज जरा बदलतो. मास्तराला मास्तराचे प्रेम असतेच! याच मॅझिनीचे आत्मचरित्र सावरकरांनी मराठीत आणले, ते लंडनला राहूनच. १९०७ साली ते पुस्तक इकडे छापून निघाले.

मूर्ती आणि हातपेट्या मागे पडल्या आणि खाणे पुढे आले. स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक भागातून आलेल्या कार्लो गॅटीने १८५० च्या सुमारास साध्या लंडनकराला पेनीला परवडेल असा बर्फाचा गोळा चाखवला. त्याआधी आइस्क्रीम ही बड्यांची चैन होती. मग मोठमोठ्या हॉटेलांतून इटालियन पोरे भांडी घासण्यापासून चढत चढत वाढपी झाली, वाढप्याचे मुख्य झाले, आणि चार पैसे गाठीला लागताच सोहोत भाड्याची जागा घेऊन त्यांनी स्वतःच्या खानावळी थाटल्या. आपल्याकडे उडप्याकडे कपबशा विसळणाऱ्या पोराने पुढे स्वतःची पाटी लावावी, तसलाच हा प्रकार.

पण त्यात एक मौज होती. मालक इटालियन, आचारी इटालियन, आणि खाद्यपदार्थांच्या यादीवर मात्र फ्रेंच नावे! त्या काळी चांगले जेवण म्हणजे फ्रेंच जेवण, अशी इंग्रज माणसाची ठाम समजूत. तेव्हा गिऱ्हाइकासाठी फ्रेंच पक्वान्ने आणि आतल्या बाजूला, गिऱ्हाईक गेल्यावर, आपल्या घरच्या शेवया. स्वतःचे अन्न लपवून दुसऱ्याचे वाढायचे, असा तो संसार होता.

पेपिनो लिओनी हा त्यांतला नामांकित. माज्जोरे सरोवराकाठच्या कान्नेरो गावचा हा मुलगा पोरवयातच लंडनला आला, हॉटेलांतून राबला आणि १९२६ साली त्याने डीन स्ट्रीटवर ‘क्वो व्हाडिस’ नावाचे उपाहारगृह उघडले. लंडनातले वीरास्वामी हे हिंदी उपाहारगृहही त्याच वर्षीचे. लिओनीने पुढे जागा वाढवली. त्या वाढीव जागेतले २८ नंबरचे घर म्हणजे १८५१ ते १८५६ या काळात कार्ल मार्क्स जिथे बायकामुलांसह दोन खोल्यांत राहिला ते घर. तिथे राहत असता त्याची दोन लेकरे दगावली. १९६७ साली त्या भिंतीवर मार्क्सच्या नावाची निळी पाटी बसली, तेव्हा लिओनी काही हरखला नाही. माझी गिऱ्हाइके राजघराण्यातली आणि श्रीमंत, आणि या माणसाला तर नेमकी तीच नको होती, अशी त्याची तक्रार. बापड्याचे चुकले असे मला वाटत नाही.

पण याच लिओनीवर १९४० साली दुसराच प्रसंग गुदरला. त्या वर्षी १० जूनच्या संध्याकाळी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि काही तासांतच सोहोत इटालियन दुकानांच्या काचा फुटू लागल्या. काल ज्याच्या हातची कॉफी प्यायली त्याच्याच दारावर आज दगड. जॉर्ज ऑरवेल दुसऱ्या दिवशी मुद्दाम सोहोत फिरून आला. काही दुकाने फुटलेली होती, एका दुकानाने आपण संपूर्ण ब्रिटिश असल्याच्या पाट्या लावल्या होत्या आणि एका इटालियन किराणा दुकानाने तर स्वतःचे नावच बदलून ‘ब्रिटिश फूड शॉप’ असे करून टाकले होते, असे त्याने रोजनिशीत नोंदले आहे. पोलीस घरोघर गेले. चार हजारांवर इटालियन पुरुष स्थानबद्ध झाले. त्यांत वाढपी, आचारी, आइस्क्रीमवाले, आणि लिओनीही. ज्यांची मुले इंग्रजांच्या पलटणीत भरती झाली होती असे बापही त्यांत होते.

त्यांतल्या सातशेहून अधिक इटालियनांना ‘अरँडोरा स्टार’ या बोटीवर चढवून कॅनडाकडे धाडण्यात आले. सोबत जर्मन स्थानबद्धही होते. ही बोट पूर्वी श्रीमंतांच्या जलविहाराची. आता तिला राखी रंग फासला होता, डेकवर काटेरी तारा ठोकल्या होत्या, आणि तीत कैदी आहेत हे सांगणारी कसलीही खूण नव्हती. २ जुलै १९४० रोजी सकाळी आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीने तिला पाणतीर मारला. होड्या अपुऱ्या पडल्या, तारांनी वाट अडवली. आठशेहून अधिक माणसे बुडाली, त्यांत साडेचारशेच्या आसपास इटालियन. मरणाऱ्यांत देचो आंझानी नावाचा लंडनचा एक शिंपी होता. जन्मभर तो मुसोलिनीच्या विरोधात उभा राहिला होता. तरी धोकादायक म्हणून त्यालाच पकडले, आणि मुसोलिनीच्या दोस्तांनीच त्याला बुडवले. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना आठवडाभरात ‘डुनेरा’ नावाच्या दुसऱ्या बोटीत कोंबून ऑस्ट्रेलियाला रवाना केले. त्यांना विचारतो कोण?

क्लार्कनवेलला १८६३ साली उघडलेले सेंट पीटरचे इटालियन चर्च आहे. त्याच्या देवडीत या बुडालेल्यांची आठवण म्हणून १९६० साली लावलेला फलक आहे. तो लावायला वीस वर्षे लागली, हे मात्र मला कुठल्याही लढाईच्या सनावळीपेक्षा मोठे वाटते.

लढाई संपली, स्थानबद्ध परतले आणि पुन्हा चुली पेटल्या. जेवणाचे पाच शिलिंगांहून जास्त दाम घेऊ नये, असा लढाईतला नियम १९५० पर्यंत होता. रेशन तर १९५४ साली उठले. ऑलिव्ह तेल अजून औषधाच्या दुकानात, कानात घालायच्या बाटलीतून मिळे. त्याच १९५४ साली एलिझाबेथ डेव्हिड या बाईंचे इटालियन पाककलेवरचे पुस्तक निघाले. १९५५ साली गूज स्ट्रीटवर दोघा इटालियनांनी ‘स्पॅगेटी हाऊस’ काढले. नाव उघड इटालियन, यादीही इटालियन, आणि दर मध्यम. तरी सर्वसामान्य इंग्रजाचे अज्ञान किती होते, ते ऐका. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीने दूरचित्रवाणीवर स्वित्झर्लंडमधल्या एका कुटुंबाचा चित्रपट दाखविला. बाया झाडांवरून शेवया तोडीत आहेत, उन्हात वाळत घालीत आहेत, यंदा पीक उत्तम आले आहे! कित्येकांना ते खरे वाटले आणि शेवयांचे झाड कसे लावावे, अशी विचारणा करणारे फोन बीबीसीकडे आले. आमच्या आईला कोणी हे सांगितले असते, तर तिने पाटावर शेवया वळता वळता त्याच्याकडे नुसते पाहिले असते.

१९५९ साली मारिओ आणि फ्रँको या दोघा माजी वाढप्यांनी रोमिली स्ट्रीटवर ‘ला तेर्रात्सा’ काढले; पांढऱ्या भिंती, फरशीची जमीन, आणि ज्याचे त्याला नाव दिलेले इटालियन अन्न. १९६५ साली पीटर बॉइझो या इंग्रजाने वॉर्डर स्ट्रीटवर नेपल्सहून भट्टी आणून पिझ्झा विकायला सुरुवात केली. लपवण्याचे दिवस संपले, उलट इंग्रजच इटालियन पाटी लावू लागले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याकडे गेलो असता त्याने मला सोहोतल्याच एका खानावळीत नेले. ना फार महाग, ना फार स्वस्त. भाच्याच्या शब्दांत, ‘‘मामा, पगारदाराने महिन्यातून एकदा यावे अशी.’’ मी घट्ट भाज्यांची आमटी आणि टोमॅटो-लसणीच्या शेवया मागवल्या. काटा धरून मी त्यांचे तुकडे करू लागलो, तसा वाढणारा पोरगा पुढे आला आणि हसत म्हणाला, तोडायच्या नाहीत, गुंडाळायच्या. दोन वेटोळी त्याने स्वतः करून दाखवली. हा खरा इटालियन, असे मनात म्हणून मी त्याचे गाव विचारले, तर तो निघाला अल्बानियाचा! इटालियन भाषा त्याने लहानपणी घरी दूरचित्रवाणीवरून उचलली होती. लंडनला येऊन त्याला तीन वर्षे झाली होती. भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आता वाढायला उभा राहतो, असे तो म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.