तारेच्या वाटेवरचे ठाणे

१८७२ साली लंडन आणि ॲडलेड तारेने जोडले गेले, त्याची एक वाट आपल्या दख्खनवरून जात होती. एडनहून समुद्रातून आलेली तार मुंबईला वर निघे, खुष्कीने मद्रास गाठी आणि पुन्हा पाण्यात उतरून पेनांग, सिंगापूर, जावामार्गे डार्विनला लागे. तिथून पोर्ट ऑगस्टापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचा रखरखीत मुलूख. या कामाचे प्रमुख चार्ल्स टॉड यांच्या माणसांनी दोन वर्षांत तिथे सुमारे ३६,००० खांब रोवले. २२ ऑगस्टला तारेची दोन टोके जुळली. बोटीने महिने घेणारा निरोप काही तासांवर आला.

माझी नोकरी पंढरपूरच्या तार ऑफिसातली. मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलो तेव्हा याच तारेवरचे ॲलिस स्प्रिंग्जचे ठाणे आवर्जून पाहिले. तारघर, लोहारशाळा, राहण्याच्या खोल्या, सगळी दगडी बैठी घरे नीट डागडुजी करून राखली आहेत. लांबच्या तारेत विजेचा जोर ओसरतो. म्हणून इथला तारमास्तर कट्ट-कडकट्ट ऐकून निरोप कागदावर उतरवी आणि पुढच्या तारेवर स्वतःच्या हाताने पुन्हा ठोकी. मजकुराशी त्याचा संबंध नसे, पण एका अक्षराचीही जबाबदारी त्याची.

ती जबाबदारी मी ओळखतो. आषाढीला आमच्या खिडकीपुढे रांग लागे. ‘सुखरूप पोहोचलो’ एवढेच बहुतेकांचे सांगणे. पैसे शब्दागणिक, म्हणून माणसे बोटांवर शब्द मोजत. रोमन अक्षरांतली ती मराठी आम्ही पुढे ठोकत असू. उलट गावाकडून कुणी गेल्याची तार आली, की पत्त्यात नुसते दिंडीचे नाव. शिपाई ते विचारत नदीच्या वाळवंटभर फिरे. माणूस सापडेपर्यंत आमचाही जीव थाऱ्यावर नसे.

ॲलिस स्प्रिंग्जचे ठाणे १९३२ पर्यंत चालले. पुढे १९४२ पर्यंत त्याच घरांत, सरकारने आईपासून तोडलेली आदिवासी वंशाची मुले ठेवली होती. जागा जपताना हा इतिहासही तिथे उघड सांगितला आहे, हे मला फार मोलाचे वाटले.

आपल्याकडे १४ जुलै २०१३ ला तारसेवा संपली. आषाढी एकादशी पाच दिवसांवर होती. वारीच्या इतिहासात पालख्या येतात, १९०६ साली पंढरपुरात पोचलेली बार्शी लाइट रेल्वे येते. वारकऱ्याची खुशाली घरी पोचवणारे तार ऑफिसही त्यात यायला हवे. कुणाच्या घरी जुनी तार असेल तर टाकू नका. आणि मोर्स हाताने ठोकलेली माणसे अजून आहेत, तोवर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा.