भरती न पाहिलेल्यांची भरती

सोलापूरकडच्या माणसाची नदी म्हणजे भीमा. उजनीतून पाणी सोडले की ती फुगते, नाही सोडले तर वाळवंट उघडे पडते; वाहते मात्र एकाच दिशेने. नदी दिवसातून दोनदा उलटी फिरते, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. तरीही ‘भावनांची भरती-ओहोटी’ ही प्रतिमा आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आणि विद्यार्थीही ती उत्तरपत्रिकांत निमूटपणे उतरवत आले. भरती म्हणजे पूर नव्हे, एवढेसुद्धा आम्ही कधी सांगितले नव्हते.

काही वर्षांपूर्वी गोव्यात, दोना पावलाच्या किनाऱ्यावर, झुआरीच्या मुखाशी एक आख्खा दिवस घालवण्याचा योग आला. तिथे एक तरुण शिडाची फळी घेऊन पाण्यात उतरला होता. विंडसर्फिंग हा खेळ आता नवा राहिलेला नाही. १९८४ साली तो ऑलिम्पिकमध्ये आला आणि गोव्याच्या कात्या व डेन कुएल्हो यांनी त्यात भारताचे प्रतिनिधित्वही केले आहे. या तरुणाच्या फळीखाली मात्र एक उभा दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला पंखासारखे पाते. त्याला फॉइल म्हणतात. फळीने वेग घेतला की पाण्यातला तो पंख तिला वर उचलतो, फळीचे पाण्याशी होणारे घर्षण संपते आणि माणूस पाण्यापासून हात-दीड हात उंचावरून, जवळजवळ आवाज न करता निघून जातो. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारच्या शर्यती झाल्या. त्या मार्सेयच्या समुद्रात झाल्या, आणि त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

किनाऱ्यावर जाळे सांधत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले, भरती केव्हा? त्यांनी उलट आम्हांलाच तिथी विचारली. आम्हांला ती ठाऊक नव्हती. द्वितीया असल्याचे त्यांनीच मग सांगितले आणि हिशेबही सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. म्हणजे दीडच्या सुमारास. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याचे हे तोंडी गणित. ठोकळ असले तरी कोकणभर चालते.

दुपारी पश्चिमेकडून खारे वारे सुटले, तेव्हा ओहोटी लागली होती. नदीचे पाणी वाऱ्याला सामोरे धावत होते. अशा वेळी पाणी फळीला वाऱ्याच्या अंगावर घेऊन जाते, त्यामुळे शिडाला वारा प्रत्यक्षाहून अधिक लागतो. तो तरुण तासभर अक्षरशः तरंगत होता. संध्याकाळी वारा पडला. पंखाची उचल गेली, फळी पाण्यावर बसली आणि ओहोटीने त्याला सावकाश, पण निश्चितपणे समुद्राकडे ओढायला सुरुवात केली. शेवटी यंत्राच्या होडीने त्याला ओढून आणले.

ते दृश्य पाहताना आम्हांला आठवला तो ‘पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रप्रवासाची पोथी. आपल्याकडे ती इतिहासाचे साधन म्हणून वाचली जाते. गद्य म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नर्मदेच्या मुखाशी येताच या रुक्ष, मालाच्या याद्या देणाऱ्या लेखकाची भाषा एकदम जागी होते. भडोच बंदर नदीत सुमारे ३०० स्टेडिया, म्हणजे अंदाजे ५५ किलोमीटर आत होते. मुख सापडणे कठीण, सापडले तरी वाळूचे बांध. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत आणि परदेशी जहाजे दोर बांधून ओढून नेत. भरती लागली की निघायचे, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकायचा. अमावास्येच्या रात्री भरतीचा आवाज दूरवरून सैन्याच्या गलक्यासारखा येतो आणि अनोळखी जहाजे उलटतात, असे तो लिहितो.

गोव्यात उधाणालाही पाणी दोनएक मीटरच चढते. खंबातच्या आखातात, भावनगरजवळ, ते दहा मीटरांच्या आसपास जाते. पण या वर्णनातला थरार केवळ पाण्याच्या उंचीचा नाही. हा लेखक भूमध्य समुद्राच्या जगातला आहे. मार्सेय ज्या समुद्रावर आहे, त्याच बिनभरतीच्या समुद्राच्या. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी अलेक्झांडरच्या आरमाराची नावे ओहोटीने कोरडी पाडली, तेव्हा त्याचे लोक असेच चकित झाले होते. एरियनने ते नोंदवले आहे.

याच पोथीत आमचा मुलूख येतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’. तगरहून साधे कापड, मलमलीचे नाना प्रकार गाड्यांवर लादून, बिनरस्त्याच्या मोठ्या प्रदेशातून भडोचला जात. हे तगर म्हणजे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. तेर आता धाराशिव जिल्ह्यात आहे, बार्शीहून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे.

तेरच्या विणकराने भरती पाहिली नसणार, बहुधा गाडीवानानेही नाही. त्याचे कापड मात्र तिच्यावर अवलंबून होते. जहाज वर चढले नाही तर माल भडोचच्या धक्क्यावर पडून. आणि ज्यांना ती खरोखर कळत होती, त्या कोळ्यांनी स्वतःचे असे काही लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या होड्यांची नावे तेवढी ग्रीक कानांनी टिपली: ‘त्रप्पग’ आणि ‘कोतुंब’. प्राकृत ‘अंगविज्जा’त ‘तप्पक’ आणि ‘कोट्टिंब’ असे शब्द येतात, त्यांच्याशी अभ्यासकांनी ही नावे जोडली आहेत. आम्हांला या जोडणीचा आनंद होतो, आणि थोडी खंतही वाटते. वाङ्मयाच्या इतिहासात भरती नेहमी परक्याने लिहिली; ज्याच्या अंगात ती भिनलेली होती त्याला ती सांगण्याजोगी वाटली नसावी. आम्ही सोलापूरकर या बाबतीत कोळ्यांपेक्षा त्या ग्रीकालाच जवळचे आहोत. फरक एवढाच की त्याने निदान घाबरून नीट पाहिले. आम्ही न पाहताच प्रतिमा वापरली.

आता वर्गात ती प्रतिमा आली की आम्ही आधी फळ्यावर पाऊणपटीचे गणित मांडतो. गेल्या वर्षी ते मांडताना पहिल्या बाकावरून दापोलीकडची एक मुलगी म्हणाली, “सर, पण भांगाची भरती नाही सांगितलीत.” अष्टमीच्या आसपास येणाऱ्या मंद भरतीला तिच्या घरी भांग म्हणतात, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण. ‘उधाण’ आम्ही आनंदाला, उत्साहाला जोडून कितीदा तरी वापरले होते. दुसरा शब्द आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकला, आणि फळ्यावर तिलाच लिहायला सांगितला.