टपालाच्या पिशवीतून जन्मलेली विमानसेवा

१/
मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या इगतपुरी स्थानकावर थांबतात, त्यांच्या ब्रेकची तपासणी होते आणि मग त्या थळ घाट उतरू लागतात. उलट दिशेने येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास जादा इंजिने जोडावी लागतात, कारण या घाटात ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. १ जानेवारी १८६५ रोजी लोहमार्ग इगतपुरीस पोहोचला. एअर इंडियाचा इतिहास आज आपण या घाटापासून सुरू करू. ही विमानसेवा प्रथम प्रवाशांसाठी नव्हे, तर टपालासाठी निर्माण झाली. आणि मुंबईस उतरलेले विलायती टपाल तोवर याच घाटाने वर चढत असे.

२/
सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला आणि मुंबई हे हिंदुस्थानचे टपालाचे प्रवेशद्वार बनले. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी विलायतेचे टपाल आणीत. धक्क्यावर पिशव्या उतरवून त्या आगगाडीत चढवल्या जात आणि गाडी थळ घाट चढून भुसावळमार्गे उत्तरेकडे वा कलकत्त्याकडे निघे. १९१२ पासून धावणारी पंजाब मेलही याच वाटेची. लंडनचे पत्र मुंबईस पोहोचण्यास विसाव्या शतकाच्या आरंभीही सुमारे दोन आठवडे लागत. व्यापाऱ्यांचे सौदे, सरकारी हुकूम, घरची खुशाली, सारे या वेळापत्रकावर अवलंबून होते.

३/
टपाल विमानाने नेण्याची कल्पना हिंदुस्थानात फार लवकर अवतरली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे नेली. जगातील हे पहिले अधिकृत हवाई टपाल. मात्र नियमित सेवा येण्यास आणखी १८ वर्षे जावी लागली. मार्च १९२९ मध्ये ‘इंपीरियल एअरवेज’ची लंडन–कराची साप्ताहिक सेवा सुरू झाली. आता विलायतेचे पत्र सुमारे एका आठवड्यात कराचीस येई. परंतु मुंबई आणि मद्रास या मार्गाबाहेरच राहिल्या. कराचीहून पुढचा प्रवास पुन्हा आगगाडीचा.

४/
ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट यांनी हेरली. ब्रिटिश हवाईदलातील हे माजी वैमानिक कराचीहून मुंबईमार्गे मद्रासला टपाल नेण्याची योजना घेऊन टाटांकडे आले. तेथे त्यांना भेटले जे. आर. डी. टाटा. फेब्रुवारी १९२९ मध्ये हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्याच नावे होता. टाटा समूहाचे तत्कालीन प्रमुख सर दोराबजी टाटा यांची संमती मिळाली आणि सुमारे २ लाख रुपयांच्या भांडवलावर बेत ठरला.

५/
सरकार मात्र अर्थसाहाय्य देण्यास राजी नव्हते. अखेर टाटांनी अनुदानाची मागणी सोडून दिली आणि एप्रिल १९३२ मध्ये १० वर्षांचा करार झाला. त्यानुसार प्रत्यक्ष वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला मिळणार होता. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. विमान उडाले नाही, टपाल पोहोचले नाही, तर पैसा नाही. या विमानसेवेची शिस्त या एका अटीतून घडत गेली.

६/
१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून जे. आर. डी. यांचे एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान उडाले. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले. पेट्रोलचे डबे तेथे बैलगाडीने आणले होते. दुपारी दोनच्या सुमारास विमान मुंबईच्या जुहू येथे पोहोचले. जुहूहून व्हिन्सेंट पुढे निघाले आणि बेल्लारी येथे रात्रीचा मुक्काम करून त्यांनी मद्रास गाठले. ‘टाटा एअर लाइन्स’चा हा आरंभ. कंपनीकडे त्या वेळी दोन लहान विमाने आणि मोजकेच वैमानिक होते.

७/
त्या काळी उड्डाण कसे होई? विमानात रेडिओ नव्हता आणि वाट दाखवणारी यंत्रे जमिनीवरही नव्हती. वैमानिक डोळ्यांनी वाट शोधी. समुद्रकिनारा, नद्या, लोहमार्ग यांच्या आधाराने दिशा ठरवी. रात्रीचे उड्डाण जवळजवळ अशक्य, म्हणून वाटेत मुक्काम. एखादा प्रवासी घेतलाच, तर तो टपालाच्या पिशव्यांच्या सोबतीने बसे. अग्रक्रम पिशव्यांचा होता.

८/
आकाशात घाट नव्हता, परंतु पावसाळा होता. इगतपुरीकरांना सह्याद्रीचा पाऊस सांगायला नको. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची उघडी जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत पावसाळ्यापुरता सारा पसारा पुण्यास हलवावा लागे. तेथे येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावर विमाने उतरत. याच तुरुंगात १९३२ साली महात्मा गांधी बंदिवान होते. घाटमाथ्यावरच्या त्या मैदानामुळे टपालाचा करार पावसाळ्यातही पाळला गेला.

९/
पहिल्या वर्षात या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल अंतर कापले. टपाल १० टनांहून थोडे अधिक आणि प्रवासी अवघे १५५! तरीही सुमारे ६०,००० रुपये नफा झाला. १९३८ साली साम्राज्यभर साधे टपालही विमानाने नेण्याची योजना लागू झाली आणि टाटांना कराची ते कोलंबो या मार्गाचे काम मिळाले. मोठी विमाने, अधिक वैमानिक, कार्यशाळा, हे सारे त्या जोरावर उभे राहिले.

१०/
मग महायुद्ध आले आणि विमाने युद्धकार्यास लागली. ज्यांच्या कल्पनेतून सेवा जन्मली ते व्हिन्सेंट १९४२ साली विमानप्रवासातच मृत्यू पावले. २९ जुलै १९४६ रोजी कंपनी सार्वजनिक झाली आणि तिचे नाव ‘एअर इंडिया’ पडले. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या रेषेतून उतरलेला मिशीवाला ‘महाराजा’ही त्याच वर्षीचा.

११/
१९४८ साली ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली. तीत सरकारचा वाटा ४९ टक्के होता आणि आणखी २ टक्के घेण्याचा हक्कही सरकारकडे होता. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. टपालाला एके काळी दोन आठवडे लागत त्या अंतरासाठी आता दोन दिवसही लागत नव्हते.

१२/
या वेगाची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील माँ ब्लांवर आदळले. ४८ जणांचा अंत झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर कोसळले. त्यातील ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. २०१२ साली तेथील हिमनदीतून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालपिशवी बाहेर आली. पिशवी ४६ वर्षे बर्फात होती.

१३/
आता मालकीचा प्रश्न. युद्धानंतर स्वस्तात मिळणाऱ्या डाकोटा विमानांवर अनेक कंपन्या निघाल्या. प्रवासी थोडे आणि कंपन्या फार, त्यामुळे बहुतेक तोट्यात गेल्या. १ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवा ‘इंडियन एअरलाइन्स’कडे गेली, परदेशी सेवा एअर इंडियाकडे राहिली. जे. आर. डी. यांनी राष्ट्रीयीकरणास विरोध केला होता, तरी अध्यक्षपद त्यांच्याकडेच ठेवले गेले. १९६० साली कंपनीची बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्कला पोहोचली आणि १९६२ साली ताफा पूर्णपणे जेट विमानांचा झाला. असा ताफा असणारी ती जगातील पहिली कंपनी मानली जाते.

१४/
मित्रहो, ‘सरकारने घेतली आणि बुडवली’ असे एका वाक्यात सांगण्याची घाई येथे करू नये. कंपनीची सर्वांत कीर्तिमान वर्षे सरकारी मालकीचीच होती. १९७८ साली जे. आर. डी. यांना पदावरून दूर करण्यात आले. १९९० साली कुवेतवरील आक्रमणानंतर याच सरकारी कंपनीने सुमारे दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आणले. पुढे २००७ चे विलीनीकरण, कर्जाचा डोंगर आणि २०१३ साली मुख्यालयाचे मुंबईहून दिल्लीस स्थलांतर. अखेर २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांच्या हाती आली.

१५/
मालकी पालटल्याने सारे आपोआप सुधारते असेही नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला आणि जमिनीवरीलही अनेक जण मृत्युमुखी पडले. १९३२ साली बैलगाडीतून पेट्रोल आले ते हेच अहमदाबाद. मालक खासगी असो वा सरकारी, विमानात बसणारा माणूस एकाच गोष्टीवर विसंबतो: जे सोपवले ते सुखरूप पोहोचेल.

१६/
१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. यांनी जुन्या धाटणीच्या लहान विमानातून कराची–मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. सुवर्णमहोत्सव असा साजरा झाला. पुढच्या खेपेस इगतपुरीला गाडी ब्रेकच्या तपासणीसाठी थांबली आणि उशिराबद्दल कुरकूर करावीशी वाटली, तर हा इतिहास आठवावा. घाटात उतरण्यापूर्वीची ती काही मिनिटे आणि पावसाळ्यात जुहूहून पुण्यास हलवलेली ती विमाने यांत एकच जबाबदारी दिसते. मालक कोणीही असो, आपण जाब विचारायचा तो या जबाबदारीचा.

(समाप्त)